टाउनशिपमधली पहिली कबर

नाही, ते खोडा. ‘बहुधा’ कशाला लिहिलंत? बहुधा-बिहुधा काही नाही — या टाउनशिपमध्ये पहिलं घर स्ट्राउडांचं, पहिली विहीर स्ट्राउडांची, आणि टाउनशिपचं नाव काय? स्ट्राउड. उगाच देतात का कोणाचं नाव? ती खुर्ची जरा लांब ओढा, कोंबडीचं कढत पाणी उडेल अंगावर. माझे हात काही थांबायचे नाहीत हां, आधीच सांगते — पाणी निवलं की पिसं सुटत नाहीत, मग बसा ओढत. गुरुवारी जुन्या लोकांचा मेळावा, सगळे माझ्याकडे जेवायला, आणि त्यात तुम्ही आलात वही घेऊन. पण बरं केलंत आलात ते. जुन्यांपैकी उरलंय कोण? मी आणि तो बहिरा पेटिबोन, आणि पेटिबोन आला एकोणसत्तर साली, त्याला कुठून माहीत असणार? माझा नवरा असाहेल, त्याला जाऊन सहा वर्षं झाली. म्हणजे आता मी सांगेन तोच इतिहास, मास्तर. हसताय काय, खरंच आहे ते.

तर लिहा, एप्रिल अठराशे अडुसष्ट. व्हर्माँटहून निघालो, नवरा-बायको आणि दोन बैल — आणि हे काय काढलंत आता खिशातून? पत्र? चष्मा नाहीये माझा, तुम्हीच वाचा. ... हं. ... वाचा की, थांबलात का? गुनहिल्ड. गुनहिल्ड रूड. अजून आहे होय ती? मला वाटलं डाकोटाच्या थंडीने कधीच आटपली असेल. छातीचं दुखणं, अंथरुणाला खिळलीय, आणि जायच्या आधी पोरीची हाडं तिकडे न्यायचीत, चर्चच्या आवारात स्वतःच्या शेजारी पुरायला. वा. मारित, वय वर्षं चार, जानेवारी अडुसष्टात गेली आणि स्ट्राउडांच्या शेतात टेकाडावर पुरली — असं लिहिलंय? माझ्या शेतात? मास्तर, माझ्या टेकाडावर कबर एकच आहे, आणि तुम्हीच दर मे महिन्यात शाळेतली पोरं रांगेने घेऊन येता तिच्यावर फुलं वाहायला. दगडावर काय लिहिलंय? ‘असाहेल आणि लोविना स्ट्राउड यांचं तान्हं बाळ.’ वाचता येतं ना तुम्हाला? मग झालं तर. कळवून टाका बाईला, असं काही सापडलं नाही म्हणून.

होते, नॉर्वेवाले होते, मी नाही कुठे म्हणते? तोलेफ आणि गुनहिल्ड. आमच्या आधी? बरं, आधी — एका हिवाळ्याने आधी. पण मला एक सांगा, चुकीच्या जागेवर येऊन बसला तो पहिला कसा? तुम्हाला हे कळायचं नाही, तुम्ही कुंपणं घातल्यावर जन्मलात. तेव्हा या माळावर काय होतं? गवत. छातीएवढं गवत, आणि मैला-मैलावर सरकारी मोजणीवाल्यांनी पुरलेली एकेक खुंटी, बास. सरकारच्या जमीन-कचेरीत कागद मिळायचा की अमुक खुंटीपासून अमुक तुकडा तुझा, अर्धा मैल लांब अर्धा मैल रुंद, जा आणि शोध. कसा शोधणार? गाडीच्या चाकाच्या आऱ्याला चिंधी बांधायची, खुंटीपासून गाडी हाकायची, आणि बाई माणसाने शेजारून चालत चिंधी किती वेळा वर आली ते मोजायचं. आमच्या चाकाचे एकशे ब्याण्णव फेरे म्हणजे अर्धा मैल. सगळ्यांनी अशीच जमीन मोजली, पेटिबोननेही. तर गुनहिल्डने मोजलं. खुंटीपासून पश्चिमेला निघाले, आणि मध्ये आली दलदल. वळसा घालायचा ना? नाही. तोलेफ म्हणजे आडमुठा, सरळ आत घातली गाडी. बैल ओढतायत, ही गुडघाभर चिखलात मोजतेय — आणि चिखलात चाक फिरतं का हो? घसरतं. फिरतच नाही. चाळीस फेऱ्यांची वाट घसरत गेली गाडी, आणि ही बाई इमानाने फक्त फिरलेलं चाक मोजतेय. पलीकडे ते टेकाड लागलं, छान, कोरडं, तेव्हा हिचे झाले होते एकशे सत्तर. म्हणजे आपण आपल्याच हद्दीत, बावीस फेरे अजून शिल्लक. बांधलं तिथे मातीसकट कापलेल्या गवताच्या ढेपांचं घर, खणली विहीर, नांगरला माळ, सगळं हद्दीच्या पलीकडे. पुढच्या तुकड्यावर. आणि तो पुढचा तुकडा कचेरीत मोकळा दिसला म्हणून कोणी घेतला? आम्ही.

आम्हाला कुठे माहीत होतं तेव्हा. आम्ही पार पश्चिमेच्या टोकाला झोपडी टाकली, नॉर्वेवाले पूर्वेला, मध्ये हे एवढं रान, आम्ही समजलो शेजारी. मग ऑगस्टमध्ये दलदल सुकली, खडखडीत, आणि मी म्हटलं आपण एकदा मोजून बघू. असाहेल म्हणाला, कशाला नसती उठाठेव. मी माझ्या परकराची पट्टी फाडली, चाकाला बांधली, आणि त्या खुंटीपासून सरळ सुक्या दलदलीतून मोजत आले. एकशे ब्याण्णव झाले तेव्हा मी दलदलीच्या काठावर उभी होते आणि त्यांचं घर माझ्यासमोर. अठरा फेरे पुढे, माझ्या जमिनीत. गुनहिल्ड दारात ताक घुसळत होती, तिने हात केला. मीही केला.

सांगायला हवं होतं? असाहेलही हेच म्हणाला. मी म्हटलं, थांब. त्यांची विहीर झालीय, आपल्याला अजून पाणी लागलेलं नाही. त्यांनी वीस एकर फोडलेत, आपले चार. पाच वर्षं राहून जमीन कसल्याशिवाय कोणाच्या नावावर होत नाही — कसू दे त्यांना. आणि कसली हो त्यांनी. पॉपलरच्या झाडांची रांग लावली बघा ती, कोठार बांधलं, मका तर असा यायचा. मी रोज तिच्या विहिरीवर पाणी न्यायला जायची. ती म्हणायची, लोविना, बस ना, आणि चुलीवरची पातळ भाकरी साखर घालून गुंडाळून हातात द्यायची. इंग्रजी धड येत नव्हतं, पण बोलायची हौस दांडगी. आणि बोलणं एकच — मारित अशी होती, मारित असं म्हणायची. मी ऐकून घ्यायची. सत्तर साली दुसरी झाली, सिग्ने, ती तर माझ्याच हातांवर जन्मली, नाळ मी कापली. टाउनशिपमधला पहिला जन्म? ... अं, ते नंतर बघू. लिहू नका ते.

मग पाच वर्षं भरली त्यांची. बहात्तरचा शरद ऋतू. कचेरीत दोन साक्षीदार लागतात की हा माणूस खरंच जमिनीवर राहतो. तोलेफ कोणाकडे आला साक्षीला? आमच्याकडे. टोपी हातात घेऊन. असाहेल गेला त्याच्याबरोबर, गाडीत शेजारी बसून गेला, वाटेत तोलेफने त्याला तंबाखू दिली. आणि मास्तर, हे मात्र लिहून घ्या अक्षर न् अक्षर — कचेरीत असाहेल एक शब्द खोटं बोलला नाही. बायबलवर हात ठेवायला लावून विचारलं, यांचं घर या तुकड्यावर आहे का? असाहेल म्हणाला, नाही. मग कोणाच्या तुकड्यावर आहे? असाहेल म्हणाला, माझ्या. संपलं. कारकुनाने नकाशा काढला, बोट ठेवलं, आणि तोलेफला तेव्हा कळलं की पाच वर्षं आपण दुसऱ्याची जमीन नांगरत होतो. परत येताना गाडी असाहेलने हाकली. तोलेफ म्हणे दलदलीपाशी आल्यावर खाली उतरला आणि चालत गेला. पाप कसलं त्यात? चूक आम्ही केली? मोजलं कोणी?

पण चिवट जात. त्याने तक्रार केली की चूक प्रामाणिक होती आणि स्ट्राउड येण्याच्या आधीपासून आम्ही त्या जागेवर होतो. पुरावा काय तर कबर. आमची पोर जानेवारीत मेली आणि तिथे पुरली, स्ट्राउड आले एप्रिलमध्ये, मग आधी कोण? मुद्दा बिनतोड होता, मी नाही म्हणत नाही. कचेरीने सांगितलं, वसंतात माणूस पाठवू, तो जागा बघेल. बघेल तर बघू दे की. तिथे आमचंच बाळ आहे. होतं ना आमचं बाळ — मुलगी, तीन आठवड्यांची, अडुसष्टच्याच... हो, मेळाव्यात मी दर वर्षी सांगते, तुम्ही ऐकलंय. कसली थंडी ती. जमीन अशी गोठलेली की दोन दिवस तिच्यावर शेकोटी पेटती ठेवली तेव्हा कुठे कुदळ शिरली. फळ्या नव्हत्या म्हणून गाडीचं मागचं फळकूट काढून पेटी केली, अडीच हात लांब, आणि तिची ती लाकडी घोडी ठेवली आत, रात्री झोपताना सोडायची नाही ना हातातून, तोंडातच धरायची, कान चावून चावून —

काय? काय बघताय असे?

तीन आठवड्यांचं पोर घोडी कशी धरेल. ... हं. हुशार आहात. इतक्या वर्षांत त्या मेळाव्यातल्या एका बाईच्या डोक्यात नाही आलं, सगळ्या नुसत्या डोळे टिपत बसायच्या. मग काय सांगणार होते मी? माझं सांगण्यासारखं होतं काय? तीनदा दिवस गेले आणि तिन्ही वेळा तिसऱ्या महिन्याच्या पुढे नाही. बायका विचारायच्या, तुम्हाला मूलबाळ? आणि एकदा दगड बसल्यावर काहीतरी सांगावं लागतंच. मग गुनहिल्डचंच सांगायला लागले. पाठ होतं मला, रोज ऐकलेलं. आता तर मलाच दिसते ती घोडी. माझीच झाली ती पोर, मास्तर, वीस वर्षं मी त्या जागेवरचं गवत काढलंय, तिची आई कुठे होती? मे महिन्यात तुमची पोरं फुलं ठेवतात, पाद्री प्रार्थना म्हणतो, सगळ्या बायका येऊन माझा हात हातात घेतात. वर्षातला एक दिवस. तो मी का सोडू?

दगड त्या हिवाळ्यात असाहेलने ओमाहाहून आणला. मुद्दाम तारीख घातली नाही. त्यांचा लाकडी क्रूस होता तिथे, तोलेफने चाकूने नाव कोरलेला — तो मी उपटला आणि चुलीत घातला. बर्चचं लाकूड, चांगलं जळलं, त्या दिवशी पाव भाजले मी. जमिनीचा निकाल आमच्या बाजूने लागला, मे महिन्यात त्यांनी गाडी भरली, आणि निघायच्या आधी गुनहिल्ड टेकाडावर गेली — कचेरीतून आल्यापासून आम्ही त्यांना तिथे फिरकू दिलं नव्हतं, दलदलीपलीकडे झोपडीत राहायचे ते. मी मागोमाग गेले, म्हटलं काही तोडफोड नको करायला. ती त्या दगडाकडे बघत उभी. वाचता येत नव्हतं तिला नीट, पण स्ट्राउड हा शब्द ओळखीचा होता. मला म्हणाली, “लोविना, मारितचा क्रूस कुठे आहे?” मी म्हटलं, “कुठला क्रूस?” ती किंचाळेल, अंगावर येईल असं वाटलं होतं मला. तिने काही केलं नाही. गवतावर पालथी पडली, दोन्ही हात पसरून, आणि खाली तोंड करून काहीतरी बोलत राहिली त्यांच्या भाषेत. तोलेफने येऊन उठवलं. जाताना तिने त्या दगडाचा मुका घेतला, आमच्या नावाचा. मी बघत होते.

बसा खाली. बसा म्हणते ना. शाळा माझ्या एकरावर आहे मास्तर, आणि शाळा-समितीवर माझा भाचा, तेव्हा वही मिटून फणकाऱ्याने जायचं काम नाही. आणि कोण आलंय म्हणालात? सिग्ने? इथे? बाहेर तुमच्या गाडीत बसलीय इतका वेळ, आणि तुम्ही आत येऊन पहिलं घर कोणाचं आणि पहिली विहीर कोणाची विचारताय? खिडकीतून दिसेल का? ... ती निळ्या टोपीतली. नाक बापाचं घेतलंय बिचारीने. डाकोटाहून एवढ्या लांब पेटी घेऊन आली, रेल्वेने. नवी पेटी केलीय, पांढऱ्या रंगाची, छोटी. कशी केली असेल माप न घेता? आईने सांगितलं असेल, अडीच हात.

बरं. ऐका. खणू दे तिला.

हो हो, खणू दे म्हणतेय ना. फावडं कोठारात आहे, कुदळही आहे. दगड तेवढा नीट बाजूला ठेवा, फोडू नका. मी काय अडवणार, म्हातारी बाई. आभार-बिभार नको. मोठ्या मनाच्या? मी? असं बघू नका हो माझ्याकडे, त्या मेळाव्यातल्या बायकांसारखं. हात सोडा, पिसं लागलीत हाताला. सोडा म्हणते ना. तुम्हाला काय वाटतं, मला त्या पोरीची दया आली? चांगली बाई, चांगली बाई, वीस वर्षं ऐकतेय मी हे, कंटाळा आला मला त्याचा.

तिथे काही नाहीये, मास्तर.

माणूस यायचा होता ना कचेरीचा, जागा बघायला. असाहेलला झोप लागेना. म्हणाला, दगड आपला आहे, पण त्याने खणून पाहिलं तर? अडीच हाताची पेटी, तान्ह्या बाळाची कशी म्हणणार? मी म्हटलं, मग पेटीच नको. त्याला सुचलं नसतं ते कधी, एवढं डोकं नव्हतं. एप्रिलचा दुसरा रविवार, सगळी टाउनशिप पेटिबोनच्या कोठारात प्रार्थनेला गेलेली, रूडही. ओढ्याला पूर आलेला, दोन्ही काठ बुडाले होते. असाहेलने खणलं, मी पेटी गाडीत ठेवली. केवढी हलकी होती, सांगू? या कोंबडीहून थोडी जड. ओढ्यापाशी त्याच्याने टाकवेना, रडायला लागला, बसला तसाच. मग मीच टाकली. भोवऱ्यात एकदा फिरली आणि गेली वाहत, दोन मिनिटं दिसली असेल. परत येऊन माती भरली, वर गवताच्या ढेपा लावल्या, दगड सरळ केला. आणि तो कचेरीचा माणूस, त्याने खणलंच नाही हो. आला, दगड वाचला, टोपी काढली, आणि मला म्हणाला, बाई, तुमच्या दुःखात मी सहभागी आहे.

काय झालं? तोंड का असं पांढरं पडलं? पाणी देऊ? तुम्ही इतिहास विचारायला आलात, मी सांगितला. मेल्यावर असाहेल काय सारखा तेच बडबडायचा, तापात, ओढा ओढा करून — मेल्यावर नव्हे, मरताना. मला नाही कधी काही झालं. चांगली झोप लागते मला.

ती उतरली बघा गाडीतून. टेकाडाकडे निघाली, विचारायलासुद्धा थांबली नाही. घाई आहे बाईला. मला तरी बरं वाटेना तिला बघून, खरं सांगते, पण आता काय करणार? आणता थोडीच येणार आहे परत. तुम्ही सांगणार आहात का तिला? सांगा की. जा आणि तिच्या तोंडावर सांगा, की तुझ्या आईने वीस वर्षं ज्या जागेची आठवण काढली तिथे नुसती माती आहे. नसेल जमत तर फावडं द्या आणि खणू द्या, दमेल तेव्हा थांबेल. रिकामी पेटी घेऊन जायची की त्यात दगड भरून आईला फसवायचं, तिचं ती ठरवेल. नाही, मी नाही येणार बाहेर. माझ्या अजून तीन कोंबड्या व्हायच्यात.

आणि ती वही इथेच ठेवा. पहिली कबर, स्ट्राउड, एवढं लिहिलंय ना, तेवढं पुरे. निघा आता, आणि दार ओढून घ्या जाताना. वाऱ्याने पिसं उडतायत सगळीकडे.